डुकरिणीची वीण : गोठ्यातली आणि रानातली

मोठ्या पाळीव जनावरांमध्ये डुकरिणीइतकी बहुप्रसव मादी दुसरी नाही. गाय वर्षाकाठी फार तर एक वासरू देते, शेळी एका वेतात एक-दोन, क्वचित तीन करडे देते. डेन्मार्कसारख्या देशात पिढ्यानपिढ्यांच्या निवडीतून घडवलेली डुकरीण मात्र वर्षातून दोनदा, किंबहुना दोनाहून थोडी अधिक वेळा विते आणि दूध तोडण्याच्या वयापर्यंत जगलेली तिची पिल्ले वर्षाला तिसाच्या पुढे जातात. या क्षमतेमागचे शरीरशास्त्र उलगडण्यासाठी विसाव्या शतकात जे संशोधन उभे राहिले, त्याला पैसा पुरवला तो मुख्यतः मांसोत्पादनाने, आणि त्यामुळे त्याचा मूळ प्रश्नही एकच राहिला : एका वेतातील पिल्ले वाढवायची कशी? पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारावा लागतो, कारण तेथे ज्या डुकरिणीची वीण लोकांच्या पोटापाण्याशी जोडलेली आहे, ती रानात राहते.

लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तेथून पूर्वेकडे उतरत गेलेल्या इंद्रायणी, पवना व आंद्रा या नद्यांच्या खोऱ्यांत भात हेच मुख्य पीक आहे. राजमाची, लोहगड, विसापूर, तिकोना या किल्ल्यांच्या उतारांवरचे रान जेथे संपते, तेथेच भाताची खाचरे सुरू होतात. मध्ये मोकळी जमीन अशी फारशी नसतेच. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रात तयार होऊन १९८७ साली प्रसारित झालेल्या इंद्रायणी या सुवासिक वाणाने मावळच्या भाताला पुण्या-मुंबईच्या बाजारात नाव मिळवून दिले, पण दाणा दुधात आल्यापासून कापणी होईपर्यंत त्या भाताची राखण रात्र रात्र जागून करावी लागते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत जेवढे खातो त्यापेक्षा कितीतरी जास्त तुडवतो, मुळे व किडे शोधताना बांध उकरतो, आणि उकरलेल्या बांधातून पाणी गेले की उरलेल्या पिकाचेही नुकसान होते. शासन पीकनुकसानीची भरपाई देते, तरी पंचनाम्यात जागरण मोजले जात नाही, ही या भागातील शेतकऱ्याची रास्त तक्रार आहे.

रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर या दोन वेगळ्या प्रजाती नाहीत. दोघांचेही शास्त्रीय नाव ‘सुस स्क्रोफा’ हेच असून, सुमारे नऊ ते दहा हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानाच्या परिसरात आणि चीनमध्ये स्वतंत्रपणे माणसाळवलेल्या रानडुकरांपासून आजची पाळीव डुकरे आली. दोघांत संकर होतो आणि संकरित पिल्ले प्रजननक्षम असतात. म्हणजे गोठ्यातल्या डुकरिणीविषयी जे कळले, त्याचा मोठा भाग रानातल्या डुकरिणीलाही लागू पडतो. असे असूनही महाराष्ट्रात या ज्ञानाची जोपासना फारशी झाली नाही आणि त्यामागचे कारण सामाजिक आहे. डुक्करपालन येथे प्रामुख्याने वडार, कैकाडी यांसारख्या समाजांकडे राहिले, गावाने त्या व्यवसायाला गावाच्या कडेला ठेवले, आणि ज्या जनावराकडे प्रतिष्ठित समाज पाहायलाही तयार नव्हता त्याच्या अंडाशयाचा अभ्यास करायला प्रयोगशाळा उभारण्याची निकड कोणाला वाटली नाही. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाचे जाळे ज्या राज्यात इतके दूरवर पोहोचले, तेथे ही उपेक्षा विशेष खटकते.

भारतात या विषयाला संस्थात्मक पाठबळ मिळाले ते १९७०-७१ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित डुक्कर संशोधन प्रकल्पामुळे, आणि पुढे २००२ साली आसाममधील गुवाहाटीजवळ राणी येथे राष्ट्रीय डुक्कर संशोधन केंद्र स्थापन झाल्यामुळे. मराठी मुलखाला सर्वांत जवळचे काम गोव्यात चालते. जुन्या गोव्यातील एला येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. तेथे परदेशी लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीबरोबरच गोव्यातील स्थानिक काळ्या डुकरांचाही अभ्यास होतो. काणकोण तालुक्यातील आगोंद गावाच्या नावाने ‘आगोंद गोवन’ ही स्थानिक जात कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंदली गेली आहे. ही डुकरे आकाराने लहान, घराभोवतीच्या खरकट्यावर वाढणारी, दमट उष्ण हवेला सरावलेली. त्यांची वेतेही परदेशी जातींपेक्षा लहान असतात. परदेशी जातीचे पिल्लांच्या संख्येचे वरदान आणि स्थानिक जातीचा काटकपणा एकत्र आणायचा, हा तेथील संकराचा हेतू आहे. नाताळाच्या सुमारास मागणी वाढणाऱ्या आणि चोरिससारख्या पदार्थांसाठी मांस हवे असणाऱ्या गोव्यात अशा कामाला घराघरांतून आधार मिळतो.

गोव्यासारख्या ठिकाणी, जेथे एकेका घरी दोन-चार डुकरिणीच असतात, तेथे कृत्रिम रेतनाचे महत्त्व समजण्यासारखे आहे, कारण प्रत्येक घराने नर पाळणे परवडत नाही. मात्र गाईच्या रेतनात जे सोपे झाले ते डुकरिणीत सोपे नाही. डुकराचे वीर्य गोठवले की त्यातील शुक्राणूंची फलनक्षमता बरीच कमी होते. म्हणून ते विरल करून सतरा अंश सेल्सियसच्या आसपास द्रवरूपातच ठेवतात आणि थोड्या दिवसांत वापरतात. एका मात्रेत पारंपरिक पद्धतीने दोन ते तीन अब्ज शुक्राणू लागतात आणि मळसूत्री टोकाची नळी गर्भाशयाच्या मुखात फिरवून बसवावी लागते. त्याहून कठीण भाग म्हणजे वेळ साधणे. डुकरीण साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते; माज दोन-अडीच दिवस टिकतो आणि त्याचा सुमारे दोन-तृतीयांश काळ उलटल्यावर अंडाशयातून स्त्रीबीजे सुटतात. माजाची खूण पाहण्यासाठी पाळणारा तिच्या पाठीवर दोन्ही हातांनी भार देतो : माजावरची डुकरीण कान ताठ करून जागच्या जागी खिळून उभी राहते. समोर नर असेल तर ही प्रतिक्रिया अधिक खात्रीने दिसते, कारण वयात आलेल्या नराच्या लाळेतील अँड्रोस्टेनोन या द्रव्याच्या वासाने तिच्यातील ही स्थिरता जागृत होते. वयात येऊ पाहणाऱ्या माद्यांना रोज थोडा वेळ प्रौढ नराच्या सहवासात ठेवले, तर त्या लवकर माजावर येतात, हेही प्रयोगांनी सिद्ध झाले आहे.

स्त्रीबीजे सुटल्यानंतरची कहाणी या शास्त्रातील सर्वांत समृद्ध प्रकरण आहे. सुधारित जातीची डुकरीण एका माजात पंधरा ते पंचवीस स्त्रीबीजे सोडते आणि नर योग्य वेळी मिळाल्यास त्यांतील बहुतेक सर्व फळतात. तरीही जन्माला येणारी पिल्ले त्यापेक्षा बरीच कमी असतात. याचा अर्थ असा की वेतातील संख्या फलनावर जितकी अवलंबून असते, त्यापेक्षा कितीतरी जास्त ती त्यानंतरच्या गळतीवर अवलंबून असते. डुकरिणीच्या गर्भाशयाला दोन लांब शिंगे असतात. भ्रूण आरंभी त्यांत मोकळे फिरतात, एका शिंगातून दुसऱ्यात जातात आणि उपलब्ध लांबीत स्वतःला जवळजवळ सारख्या अंतरावर वाटून घेतात. दहाव्या-अकराव्या दिवशी भ्रूण जेमतेम एक सेंटिमीटरचा गोल असतो; त्यानंतर अवघ्या काही तासांत तो लांबट होतो, पुढे धाग्यासारखा वाढत जातो आणि सोळाव्या दिवसापर्यंत त्याची लांबी जवळपास एक मीटर होऊ शकते. हा वाढीचा वेग सस्तन प्राण्यांत क्वचितच आढळतो.

याच सुमारास, साधारण अकराव्या-बाराव्या दिवशी, भ्रूण इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्रवू लागतात आणि त्यातून मातेच्या शरीराला गर्भधारणेची सूचना मिळते. ही सूचना मिळाली नाही तर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. ते अंडाशयातील पीतपिंड, म्हणजे स्त्रीबीज सुटल्यावर त्या जागी तयार होणारी आणि गर्भ टिकवणारे संप्रेरक बनवणारी ग्रंथी, नष्ट करते आणि डुकरीण एकविसाव्या दिवशी पुन्हा माजावर येते. सूचना मिळाली की तेच प्रोस्टाग्लँडिन रक्ताऐवजी गर्भाशयाच्या पोकळीतच राहते आणि पीतपिंड वाचतात. अमेरिकेतील बेझर आणि थॅचर यांनी १९७७ साली हे स्पष्टीकरण मांडले. त्याआधी १९६६ मध्ये पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की या काळात गर्भाशयात किमान चार भ्रूण असल्याशिवाय गर्भधारणा सहसा टिकत नाही. डुकरिणीचे शरीर एकट्या-दुकट्या पिल्लासाठी जवळपास चार महिन्यांची गुंतवणूक करत नाही. पुरेसे भ्रूण नसतील तर ते लवकर थांबते आणि पुढचा माज आणते.

पहिल्या तीस दिवसांत तीस ते चाळीस टक्के भ्रूण गळून जातात आणि त्यानंतर गर्भाशयातील जागा व वारेचा पुरवठा किती पिल्लांना पुरेल यावर उरलेल्यांचे भवितव्य ठरते. चीनमधील मेईशान ही जात या बाबतीत शास्त्रज्ञांना फार उपयोगी पडली. १९७९ मध्ये ती फ्रान्समध्ये नेण्यात आली; तिची मादी जेमतेम तीन महिन्यांत वयात येते आणि युरोपीय जातींपेक्षा तीन-चार पिल्ले अधिक देते. तिचे भ्रूण आकाराने लहान राहतात आणि तिची वार विस्ताराने वाढण्याऐवजी रक्तवाहिन्यांनी दाट होते, त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक पिल्ले मावतात. १९९६ साली रॉथ्सचाइल्ड व सहकाऱ्यांनी इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहीच्या जनुकाचा एक प्रकार वेतातील संख्येशी निगडित असल्याचे दाखवले, तेव्हा एका जनुकाच्या चाचणीने वेत मोठे करता येईल अशी आशा निर्माण झाली. पुढे वेगवेगळ्या जातींत त्या जनुकाचा परिणाम एकसारखा दिसला नाही. वेताचा आकार हा गुण पिढीकडून पिढीकडे फार थोड्या प्रमाणात उतरतो : त्याची आनुवंशिकता सुमारे दहा टक्के मानतात, बाकीचा फरक आहार, हवामान, वय आणि व्यवस्थापन यांतून येतो. तरीही फ्रान्समध्ये १९७० च्या दशकापासून हजारो डुकरिणींमधून अपवादात्मक वेतांच्या माद्या शोधून त्यांच्यापासून पैदास करण्याची पद्धत अवलंबली गेली आणि दहा टक्क्यांच्या आधारावरही संख्या वर चढत गेली.

या चढत्या संख्येची किंमत पिल्लांनी मोजली. वेत मोठे झाले तशी जन्मतः कमी वजनाची पिल्ले वाढली, आचळांपेक्षा पिल्ले जास्त झाली आणि पहिल्या काही दिवसांतील मृत्यू वाढले. डेन्मार्कने २००४ साली निवडीचा निकष बदलून ‘जन्मलेली पिल्ले’ ऐवजी ‘पाचव्या दिवशी जिवंत असलेली पिल्ले’ हे मोजमाप स्वीकारले, आणि संशोधनाने स्वतःचा प्रश्न सुधारून घेतल्याचे हे प्रामाणिक उदाहरण आहे. मातेच्या शरीरावर पडणारा भार मात्र एवढ्याने हलका होत नाही, आणि वर्षाला तीस पिल्लांचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या व्यवस्थेने तो भार अजून पुरेशा गांभीर्याने मोजलेला नाही.

रोगांचा परिणामही गर्भधारणेच्या याच टप्प्यांवर होतो. डुकरांतील पार्व्होविषाणू गाभण मादीला फारसा त्रास देत नाही, परंतु संसर्ग कोणत्या दिवशी झाला त्यानुसार तो वेताचे चित्र बदलतो : पहिल्या तीस दिवसांतील भ्रूण शोषले जातात आणि डुकरीण उशिरा माजावर येते किंवा लहान वेत देते, त्यानंतरच्या सुमारे चाळीस दिवसांत मेलेली पिल्ले वाळून गर्भाशयातच राहतात आणि प्रसूतीच्या वेळी लहानमोठ्या आकारांत बाहेर पडतात, तर सत्तराव्या दिवसानंतर पिल्लू स्वतःच प्रतिकार करू शकते. कोकण आणि घाटमाथ्यासारख्या पाणथळ पावसाळी भागांत लेप्टोस्पायरोसिस हा गर्भपात घडवणारा दुसरा रोग असून तो माणसांनाही होतो. पाळीव आणि रानडुकरे एकाच प्रजातीची असल्याने २०२० मध्ये ईशान्य भारतात प्रथम आढळलेल्या आफ्रिकी स्वाइन फीव्हरसारखा रोग दोहोंनाही मारतो, आणि कचराकुंड्यांवर चरणाऱ्या मोकाट डुकरांची व रानडुकरांची गाठ जेथे पडते तेथे या धोक्याला वाट मिळते.

आता रानातील डुकरीण. तिचे वेत साधारण चार ते सहा पिल्लांचे असते आणि गाभणकाळ पाळीव डुकरिणीइतकाच, सुमारे एकशे चौदा दिवसांचा असतो. तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस असा हिशेब पाळणारे पिढ्यानपिढ्या करत आले आहेत. विण्याच्या आधी ती कळपापासून वेगळी होते, गवत व फांद्या तोंडाने ओढून आणून घरटे करते आणि पिल्ले काही दिवसांची झाल्यावर परत कळपात येते. कळपातील माद्या बहुधा एकमेकींच्या नात्यातील असतात आणि त्यांचे माज बऱ्याचदा एकाच सुमारास येतात.

या मादीला इतर खुरी प्राण्यांपासून वेगळे पाडणारी गोष्ट म्हणजे वयात येण्याची तिची घाई. फ्रान्समधील अभ्यासांत असे दिसले की बहुतेक खुरी माद्या प्रौढ वजनाच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोहोचल्याशिवाय गाभण राहत नाहीत, तर रानडुकरीण प्रौढ वजनाच्या तेहतीस ते एक्केचाळीस टक्क्यांवरच गाभण राहू शकते. याचा सरळ अर्थ असा की तिच्या बाबतीत वयापेक्षा वजन निर्णायक असते, आणि वजन अन्नावर ठरते. शरीरातील चरबी व ऊर्जेची स्थिती सांगणारी लेप्टिन आणि इन्सुलिन ही संप्रेरके मेंदूतील प्रजननाचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रापर्यंत पोहोचतात. तेथून अंडाशयाला जाणारा आदेश त्यांच्या प्रमाणानुसार तीव्र किंवा मंद होतो. गोठ्यातही हेच दिसते : पिल्लांना पाजताना ज्या डुकरिणीचे वजन फार घटते ती दूध तोडल्यावर नेहमीच्या चार ते सात दिवसांत माजावर येत नाही आणि तिचे पुढचे वेत लहान होते. युरोपात ज्या वर्षी ओक आणि बीच वृक्षांना भरपूर फळ धरते, त्या वर्षी पहिल्याच वर्षातील माद्याही मोठ्या प्रमाणात गाभण राहतात.

मावळात ओक-बीचची जागा माणसाच्या शेताने घेतली आहे, असे म्हणण्यास आधार आहे. उंबराची फळे, जमिनीतील कंद, किडे, गांडुळे हे रानडुकराचे मूळ अन्न ऋतूप्रमाणे कमीजास्त होत राहते. भाताचे भरलेले दाणे, भुईमूग, रताळी आणि उसाचे फड मात्र थोड्या श्रमात भरपूर ऊर्जा देतात, आणि लोणावळ्यासारख्या पर्यटनस्थळी हॉटेले व बंगल्यांच्या मागे टाकलेले खरकटे वर्षभर मिळते. भारतीय रानडुकरे वर्षभर विऊ शकतात, तरी निसर्गनिरीक्षकांच्या जुन्या नोंदींनुसार पिल्ले जास्त दिसतात ती पावसाच्या आधी आणि पावसानंतर. कार्तिकात कापणीच्या सुमारास चांगले खाऊन माजावर आलेली मादी फाल्गुनात विते आणि पिल्लांच्या वाढीच्या काळात पहिला पाऊस, म्हणजे मऊ माती व भरपूर किडे, मिळतात. भाताचे वेळापत्रक आणि डुकरिणीचा गाभणकाळ यांची ही सांगड लक्षात घेतली, तर शेताचे रक्षण आणि प्रजननाचे नियंत्रण हे दोन वेगळे विषय राहत नाहीत : दाणा भरताना कळपाला शेतापासून दूर ठेवता आले तर त्या वर्षीचे पीक वाचतेच, शिवाय पुढच्या वर्षीच्या वेतालाही खीळ बसते. उघड्यावरचे खरकटे बंद करणे हा याच दृष्टीने प्रजनन-नियंत्रणाचा उपाय ठरतो, आणि तो पंचायत व नगरपरिषदेच्या आवाक्यातला आहे.

मारण्याचा उपाय इतका सरळ नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुकराला संरक्षण असून त्याला मारणे शासनाच्या परवानगीशी व अटींशी बांधलेले आहे. त्यापलीकडे शास्त्राचाही एक इशारा आहे : फ्रान्सच्या पूर्वेकडील शातोव्हिलें-आर्क-आं-बारोआ या जंगलात रानडुकरांची शिकार दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात होत राहिली, तेव्हा बावीस वर्षांच्या निरीक्षणात पिल्लांच्या जन्माची तारीख सुमारे बारा दिवसांनी अलीकडे आलेली दिसली. लवकर जन्मलेल्या मादीला शिकारीच्या हंगामापूर्वी पुरेसे वजन गाठून पहिल्याच वर्षी विणे जमते, म्हणून शिकारीच्या दबावाखाली अशाच माद्यांचा वंश टिकला. जोवर अन्न मुबलक आहे, तोवर मारलेल्या प्राण्यांची जागा लवकर वयात येणाऱ्या माद्या भरून काढतात.

म्हणूनच गर्भनिरोधाकडे संशोधकांचे लक्ष वळले. मेंदूत तयार होणारे आणि अंडाशयाच्या साऱ्या कार्याला चालना देणारे एक संप्रेरक आहे. त्याविरुद्ध शरीराने प्रतिपिंडे निर्माण करावीत अशी लस रानडुकरिणींना ब्रिटनमध्ये दिली असता एका टोचणीने बहुतेक माद्या चार ते सहा वर्षे गाभण राहिल्या नाहीत. अडचण आहे ती टोचण्याची, कारण त्यासाठी प्राणी पकडावा लागतो. तोंडावाटे देता येईल अशी लस हे त्यापुढचे उद्दिष्ट असून, ती फक्त डुकरांनीच खावी यासाठी एक खाद्यपात्रही तयार झाले आहे : त्यावरचे जड झाकण डुक्कर थूथनाने वर उचलू शकते, हरणाला किंवा गुराला ते जमत नाही. भेकर आणि गुरे एकाच रानात वावरणाऱ्या मावळात अशा पात्राशिवाय कोणतेही आमिष ठेवणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

यातील कोणताही उपाय योजण्यापूर्वी येथील मादी किती वजनाची असताना प्रथम गाभण राहते, एका माजात किती स्त्रीबीजे सोडते आणि त्यांतील किती पिल्लांत उतरतात, हे येथेच मोजावे लागेल, आणि त्यासाठी खर्चिक प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक सुटलेल्या स्त्रीबीजामागे अंडाशयावर एक पीतपिंड राहतो. मावळातून जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर व जुन्या महामार्गावर वाहनाखाली मेलेल्या किंवा परवानगीने मारलेल्या मादीचे शवविच्छेदन करताना पशुवैद्यकाने पीतपिंड मोजले, गर्भाशयातील पिल्ले मोजली, दात पाहून वय आणि तराजूवर वजन नोंदवले, तर पीतपिंड आणि पिल्ले यांच्या संख्यांमधील फरकातून गळती कळते आणि पिल्लांच्या लांबीवरून गर्भधारणेचा महिनाही काढता येतो. वनखात्याचा पंचनामा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याची नोंद या दोन कागदांत हे आकडे भरण्याची सक्ती केली, तर काही हंगामांत मावळच्या रानडुकरिणीचे विणीचे वेळापत्रक वनाधिकारी आणि शेतकरी या दोघांच्याही हाती येईल.